मणक्यात ‘गॅप’ आलाय म्हणजे नक्की काय होतं? कमरेची रचना कुणी नीट समजावून सांगेल का

फरशीवाला_कराड

नमस्कार मंडळी. मी कराडजवळ राहतो, वय ३७, फरशी बसवायचं काम करतो, १४ वर्षं झाली. दीड महिन्यापूर्वी गाडीतून व्हिट्रिफाइड टाइल्सचा बॉक्स उतरवताना कमरेत उसण भरली. म्हटलं दोन दिवसांत जाईल, तर चौथ्या दिवसापासून डाव्या कुल्ल्यातून कळ निघायला लागली ती मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. खोकलो किंवा शिंकलो तरी पायात करंट बसतो. आणि गंमत म्हणा नाहीतर काही म्हणा, कमरेत आता फारसं दुखतच नाही, सगळं दुखणं पायात.

एमआरआय केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की एल ४-एल ५ ला डिस्क बल्ज आणि डावीकडे पॅरासेंट्रल प्रोट्रुजन, ट्रॅव्हर्सिंग एल ५ नर्व्ह रूटला दाब. एल ५-एस १ ला डिस्क डेसिकेशन. लिगामेंटम फ्लेवम थोडं जाड. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या आणि व्यायाम, ६ आठवड्यांनी या. माणूस चांगला आहे पण बाहेर ४० पेशंट बसलेले, मला विचारायचं धाडस झालं नाही.

इकडे घरी यायच्या आधीच गावभर झालं की ह्याच्या मणक्यात गॅप आलाय. एक जण म्हणतो नस दबली, एक म्हणतो गादी सरकली, शेजारच्या गावात एक जण गादी ‘बसवून’ देतो त्याच्याकडे चल म्हणून मेव्हणा मागं लागलाय. आई तर रडायलाच लागली की मज्जारज्जू दबला म्हणजे पाय जाणार.

मला औषध विचारायचं नाही. मला हे समजून घ्यायचंय की आत आहे काय. गॅप म्हणजे काय? कमरेतली गादी आणि अंगठा यांचा संबंध काय? आणि मज्जारज्जू खरंच दबलाय का? कुणी साध्या भाषेत सांगितलं तर फार उपकार होतील, रात्री झोप येत नाही.

---

अ‍ॅनाटॉमी_मॅडम

दादा, पहिल्यांदा आईंना सांगा, तुमचा मज्जारज्जू दबलेला नाही. दबूच शकत नाही, कारण एल ४-एल ५ च्या जागी तो नसतोच. हे पुढं सांगते. मी २६ वर्षं मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवली, आता रिटायर आहे. तुमचा प्रश्न मला इतका आवडला की सकाळपासून घरातलं काम बाजूला ठेवून लिहितेय.

आपल्या कण्यात एकूण ३३ मणके मोजतात. मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्याखाली ५ एकमेकांत जुळून एकच त्रिकोणी हाड झालेलं ते त्रिकास्थी, आणि शेवटी माकडहाड, ते साधारण ४ छोट्या तुकड्यांचं. रिपोर्टमध्ये एल म्हणजे लंबर, कमरेचे, वरून खाली १ ते ५. एस म्हणजे सेक्रम, त्रिकास्थी. म्हणजे एल ४-एल ५ ही कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली जागा, आणि एल ५-एस १ ही शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली. कमरेचे मणके सगळ्यात दांडगे, कारण वरचं सगळं धड, डोकं, हात, शिवाय तुमचा फरशीचा बॉक्स, सगळं त्यांच्यावर येतं.

आता एक मणका डोळ्यासमोर आणा. पुढं जाड गोल ठोकळा, मागं हाडाची कमान, आणि दोघांच्या मध्ये भोक. असे मणके एकावर एक रचले की भोकांचा बोगदा तयार होतो, त्यातून नसा खाली जातात. पाठीवरून हात फिरवला की मधोमध जे टोकदार उंचवटे लागतात ते या कमानीचं शेपूट, मणक्याचा ठोकळा नव्हे. ठोकळा त्याच्या कितीतरी पुढं आत असतो.

गादी असते दोन ठोकळ्यांच्या मध्ये. आणि इथं आपल्या भाषेनं आपला घात केलाय असं मला मनापासून वाटतं. गादी म्हटलं की वाटतं अंथरलेली, उचलून सरकवता येईल अशी वस्तू. तसं अजिबात नाही. ती वरच्या आणि खालच्या दोन्ही मणक्यांना पक्की चिकटलेली असते, तिच्या कडेचे तंतू हाडात रुजलेले असतात. कडेला चिवट तंतूंची १५ ते २५ कडी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी, एका थरातले तंतू एका दिशेनं तिरके तर पुढच्या थरातले उलट दिशेनं तिरके. मध्ये मऊ, पाणी धरून ठेवणारा गर. तरुणपणी त्या गरात ८० टक्क्यांच्या वर पाणी असतं, वयानुसार ते कमी होत जातं. तुमच्या रिपोर्टमधलं डेसिकेशन म्हणजे एवढंच, पाणी कमी झालंय.

तर गादी सरकत नाही. कडेचे पापुद्रे आतून चिरत जातात आणि गर त्या चिरेतून बाहेरच्या बाजूला रेटला जातो. सगळीकडून थोडी फुगली तर बल्ज, एका जागी टेंगूळ आलं तर प्रोट्रुजन, कडी फोडून गर बाहेर आला तर एक्स्ट्रुजन. तुमचं मधलं आहे.

आणि ‘गॅप’! हा शब्द मी नातेवाईकांकडून इतक्या वेळा ऐकलाय. प्रत्यक्षात होतं त्याच्या बरोब्बर उलट. पाणी कमी झालं की गादीची उंची कमी होते, दोन मणके जवळ येतात, जागा वाढत नाही, कमी होते. एक्सरेत हाड पांढरं दिसतं आणि गादी दिसतच नाही, तिथं नुसती काळी रिकामी जागा दिसते, बहुतेक त्यावरूनच हा शब्द रूढ झाला असावा. तशी काळी जागा तर निरोगी माणसाच्या एक्सरेत सगळ्यात मोठी दिसते.

आता मज्जारज्जू. पोटातल्या बाळात तिसऱ्या महिन्यापर्यंत तो कण्याच्या पार टोकापर्यंत असतो. मग हाडांचा कणा भराभर वाढतो आणि मज्जारज्जू मागं राहतो. जन्माच्या वेळी त्याचं टोक साधारण एल ३ ला असतं, मोठ्या माणसात एल १-एल २ च्या आसपास संपतं. पण त्याच्यातून निघणाऱ्या नसांना बाहेर पडायचं भोक ठरलेलं, ते काही बदलत नाही, म्हणून त्या लांब लांब होत बोगद्यातून खाली उतरतात. मज्जारज्जूच्या टोकापासून खाली हा नसांचा जुडगा लोंबत असतो, अगदी घोड्याच्या शेपटीसारखा, त्याचं लॅटिन नावही तेच आहे, कॉडा इक्वायना. या नसा पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांसारख्या मोकळ्या असतात, थोडं बाजूला व्हायला त्यांना जागा असते. मज्जारज्जूला ती सोय नाही.

राहिला तुमचा अंगठा. एल ४ ची नस एल ४ मणक्याच्या खालून बाहेर पडते, पण ती भोकाच्या वरच्या भागातून, गादीच्या पातळीच्या आधीच निसटते. त्या गादीच्या मागून खाली उतरत असते ती पुढची नस, एल ५ ची. हिलाच रिपोर्टमध्ये ट्रॅव्हर्सिंग म्हटलंय, म्हणजे वाटेत असलेली. आणि गादी फुगते कुठं? मागं मधोमध एक उभा पट्टा आहे, कण्याच्या पूर्ण लांबीचा, पण कमरेत तो अरुंद होत जातो, मधोमध आधार देतो आणि दोन्ही बाजू उघड्या पडतात. म्हणून गर मागं-डावीकडे किंवा मागं-उजवीकडे येतो, नेमका त्या वाटेतल्या नसेवर. एल ५ ची नस पोटरीच्या बाहेरून पायाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे जाते. मेंदूला फक्त एवढं कळतं की या नसेतून ओरड येतेय, ती मध्येच कमरेत दाबली गेलीय हे त्याला कळत नाही, म्हणून दुखतो अंगठा.

दीर्घ झालं, माफ करा. ‘बसवून देणाऱ्या’बद्दल एकच सांगते. मागून अंगठ्यानं दाबलं तर आधी कातडी, चरबी, मग जाड स्नायूंचा थर, मग हाडाची कमान, तिला जोडणारा पिवळा पट्टा (तेच तुमचं लिगामेंटम फ्लेवम), मग नसांची पिशवी, आणि तिच्याही पुढं गादी. कुणाचाही अंगठा तिथपर्यंत पोचत नाही. नका जाऊ.

---

सोनचाफा_७

मॅडम किती सुंदर लिहिलंय! मी कॉमर्सवाली तरी सगळं कळलं. एक विचारू का, विषय थोडा वेगळा आहे. माझं सिझेरियन झालं तेव्हा पाठीत इंजेक्शन दिलं होतं, ९ वर्षं झाली, तेव्हापासून कंबर दुखते. सासूबाई, आई, जावा, सगळ्यांचं एकच, पाठीतलं इंजेक्शन घेतलं की कंबर गेली. ते इंजेक्शन मज्जारज्जूत देतात असं ऐकलंय ते खरं का?

---

अ‍ॅनाटॉमी_मॅडम

नाही हो ताई, आणि आत्ताच जे लिहिलं त्यातच उत्तर आहे. मज्जारज्जू एल १-एल २ ला संपतो म्हणूनच ते इंजेक्शन त्याच्या खाली, एल ३-एल ४ किंवा एल ४-एल ५ च्या फटीतून देतात. तुम्हाला आठवत असेल, गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसवतात किंवा कुशीवर झोपवतात, त्यानं मागच्या कमानींमधल्या फटी उघडतात. मग डॉक्टर दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा चाचपतात, त्यांना जोडणारी रेघ साधारण एल ४ वरून जाते, त्यावरून जागा धरतात. सुई आत जाते ती नसांच्या भोवतालच्या पाण्यात, आणि नसा मोकळ्या असल्यामुळं साधारणपणे बाजूला होतात. क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेतून हे पाणी काढायची रीत सांगितली आणि १८९८ मध्ये ऑगस्ट बिअर यांनी त्याच वाटेनं भूल दिली, म्हणजे सव्वाशे वर्षं ही वाट वापरात आहे.

सुईच्या जागी काही दिवस ठणकतं, काहींचं डोकं दुखतं, हे खरं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीत, पाठीत भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींमध्ये फरक सापडलेला नाही. बाळंतपणात कमरेचा बाक वाढतो, सांधे सैल होतात, पोटाचे स्नायू ताणून फाकतात, आणि मग लगेच बाळ काखेत घेऊन स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं सुरू. तुमच्या कमरेकडे ९ वर्षांत कुणी लक्ष दिलंय का ते आधी सांगा. इंजेक्शनवर ढकललं की विषय संपतो आणि बाईचं दुखणं तिथंच राहतं, याचा मला फार राग येतो.

---

फिजिओ_नाशिक

मॅडमनी हाडं आणि नसा सांगितल्या, मी जोराचं गणित सांगतो, कारण फरशीवाले दादा पहार वापरत असणार त्यांना लगेच कळेल. वाकून बॉक्स उचलताना टेकू असतो कमरेची गादी. बॉक्स टेकूपासून पुढं अर्धा मीटर लांब आणि पाठीचे उचलणारे स्नायू टेकूच्या मागं फक्त ५-६ सेंटीमीटरवर. म्हणजे ३० किलोच्या बॉक्ससाठी स्नायूंना २५०-३०० किलोच्या आसपास ओढावं लागतं, आणि तुमच्या स्वतःच्या धडाचं वजन तर मी धरलंच नाही. हे सगळं ओढणं गादीवर दाब बनून येतं. म्हणून बॉक्स पोटाशी घेऊन उचला असं सांगतात, अंतर निम्मं झालं की दाब केवढा कमी होतो बघा. त्यात वाकून कंबर पिळली की तिरक्या तंतूंपैकी निम्मेच तंतू भार घेतात. कमरेच्या मागच्या छोट्या सांध्यांची ठेवण पुढं-मागं वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नाही, पिळायचं काम छातीच्या मणक्यांचं आणि खुब्याचं. तेव्हा वळायचं तर पाय उचलून वळा.

दुसरं, रिपोर्टला घाबरू नका. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३ हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले होते. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांमध्ये बल्ज होता, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांमध्ये. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधल्या बऱ्याच ओळी केसांतल्या पांढऱ्यासारख्या आहेत. तुमच्या पायाच्या दुखण्याशी जुळणारी ओळ एकच, एल ५ नसेची.

आणि बाहेर आलेला गर शरीर स्वतः हळूहळू खाऊन टाकतं, काही महिने लागतात. विचित्र वाटेल पण जेवढा मोठा तुकडा फुटून बाहेर येतो तेवढा तो विरघळायची शक्यता जास्त, कारण तिथं रक्तपुरवठा पोचतो. गादीच्या आत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या खालच्या हाडातून झिरपून होतं. रात्री आडवं झालं की ती पाणी ओढून घेते, दिवसभर दाबानं पाणी बाहेर पडतं, म्हणून माणूस सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा १-२ सेंटीमीटर उंच असतो. त्यामुळं नुसतं झोपून राहू नका, झेपेल तेवढं चाला. पण सकाळी उठल्या उठल्या खाली वाकून जड उचलू नका, तेव्हा गादी पाण्यानं टम्म असते.

घरी एक बघा. दोन्ही पायांचे अंगठे वर उचला आणि बायकोला बोटानं खाली दाबायला सांगा. डावा लगेच खाली गेला तर एल ५ ची ताकद कमी आहे, डॉक्टरांना तारखेच्या आधी दाखवा. टाचांवर चालता येतंय का तेही बघा.

---

पश्चिम_घाट

एक शंका, माझ्या काकांना ‘मणका सरकला’ सांगितलंय आणि स्क्रू टाकले. मॅडम म्हणतात गादी सरकत नाही, मग हे काय?

---

अ‍ॅनाटॉमी_मॅडम

गादी सरकत नाही, मणका मात्र खरंच सरकतो. वेगळा आजार आहे तो. मागच्या कमानीत वरच्या आणि खालच्या छोट्या सांध्याच्या मध्ये हाडाची एक अरुंद पट्टी असते, तिथं तडा गेला की पुढच्या ठोकळ्याचं मागचं लंगर सुटतं आणि तो खालच्या मणक्यावरून हळूहळू पुढं घसरू शकतो. एल ५ ला हे जास्त, कारण त्रिकास्थीचा वरचा पृष्ठभाग पुढं उतरता आहे, एल ५ उतारावरच बसलेला असतो. वाढत्या वयातल्या फास्ट बॉलर मुलांमध्ये ही पट्टी वरचेवर मागं वाकून आणि पिळून झिजते. बुमराहच्या कमरेतही २०१९ मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं होतं. उतारवयात हे तडा न जाता, सांधे झिजूनही होतं, तेव्हा बहुधा एल ४ सरकतो. तुमच्या काकांचं बहुतेक तसं असेल, नक्की त्यांचे डॉक्टरच सांगतील.

---

बेलापूरची_मी

मला एवढंच लिहायचंय आणि कृपया सगळ्यांनी वाचा. माझ्या बहिणीचंही एल ५-एस १ चंच होतं, अशीच सायटिका, गोळ्या चालू होत्या. एका रविवारी तिला दोन्ही पायांत मुंग्या आल्या आणि लघवीला लागल्यासारखं वाटे पण होईना. ती म्हणाली गोळ्यांनी होत असेल. बसल्यावर पाटाचा स्पर्शच कळत नाही असंही म्हणाली, पण लाजेनं दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. मंगळवारी ऑपरेशन झालं. पाय वाचले, पण लघवीचा त्रास आज ४ वर्षांनीही आहे, नळी बरोबर घेऊन नोकरीला जाते ती. ही घोड्याची शेपटी सगळीच्या सगळी दबली होती असं नंतर सांगितलं. फरशीवाले दादा, तुम्हाला यातलं काही नाही, पण घरच्यांना हे माहीत असू द्या.

---

अ‍ॅनाटॉमी_मॅडम

बेलापूरच्या ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. त्या जुडग्यातल्या सगळ्यात मधल्या आणि खाली जाणाऱ्या नसा, एस २ ते एस ४, लघवी, शौच आणि बसायच्या जागेची संवेदना सांभाळतात. घोड्याच्या खोगिराला आपलं अंग जिथं टेकतं तेवढा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, दोन्ही पाय एकदम ढिले पडले, तर रात्र असो रविवार असो, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलला जायचं. असं क्वचित होतं, पण तिथं तासांचा हिशोब असतो आणि लाजेची किंमत फार मोठी पडते.

दादा, जमलं तर तुमची एमआरआयची फिल्म काढा आणि खिडकीच्या उजेडात धरा. बाजूनं काढलेलं, ज्यात नसांभोवतीचं पाणी पांढरं दिसतं ते चित्र घ्या. खालून त्रिकोणी वाकडं हाड शोधा, ते त्रिकास्थी, त्याच्या लगेच वरचा एल ५, मग वर मोजत जा. काहींचा एल ५ त्रिकास्थीला जुळलेला असतो किंवा एक मणका जास्त मोकळा असतो, त्यामुळं मोजणी चुकू शकते, शंका आली तर रिपोर्टमध्ये जे लिहिलंय तेच धरा. काय दिसतंय सांगा मला.

---

फरशीवाला_कराड

मॅडम, सर, ताई, सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. अंगठा बायकोनं दाबून बघितला, डावा थोडा कमी आहे पण टिकतो, टाचांवर चालता येतंय. तरी उद्याच डॉक्टरांना फोन करून विचारतो, ६ आठवडे थांबत नाही. लघवीचं वगैरे काही नाही, पण घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, मेव्हण्याला पण.

फिल्म खिडकीत धरली. खालून मोजलं. वरच्या तीन गाद्यांमध्ये मधोमध पांढरं दिसतंय, एल ४-एल ५ करडी आहे आणि मागं टोक आल्यासारखी, सगळ्यात खालची काळी, बारीक. म्हणजे पांढरं ते पाणी ना? आणि वर, पहिल्या मणक्याच्या मागं करड्या रंगाची जाड दोरी निमुळती होत संपते आणि तिथून खाली दोरे दोरे. आईला जवळ बोलावलं आणि पेनाच्या टोकानं दाखवलं की मज्जारज्जू इथं संपला आणि माझं दुखणं हे इथं, मध्ये तीन मणके आहेत. तिनं तीनदा मोजून घेतलं.